लेकीच्या अठराव्या वाढदिवसाचं घड्याळ

माझी लेक जुलै २०१८ ची. जुलै २०३६ मध्ये ती अठरा पूर्ण करेल. त्या दिवशी तिला द्यायचं घड्याळ मी आत्ताच घेऊन ठेवलंय. मे २०२४ मध्ये शोध सुरू केला आणि दुरुस्त होऊन, तपासून घड्याळ घरात आलं ते जानेवारी २०२५ च्या अखेरीस. मधल्या नऊ महिन्यांत पैसे वाया गेले, एक वस्तू परत करावी लागली, बँकेत खेटे झाले, आणि दोनदा तर वाटलं, राहू दे, तेव्हाचं तेव्हा बघू. कोणाच्या मनात असं काही असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

आमच्याकडे दहावी पास झाल्यावर घड्याळ मिळायचं. मुलाला. १९९४ साली दादाचा निकाल लागला, त्याच संध्याकाळी अण्णा कराडच्या बाजारात जाऊन एचएमटीचं पांढऱ्या डायलचं घड्याळ घेऊन आले. पेढ्यांच्या पुड्याशेजारी ती लाल डबी ठेवलेली मला अजून दिसते. १९९८ ला माझा निकाल लागला तेव्हा मला कानातली मिळाली. सोन्याची होती, घड्याळापेक्षा कितीतरी महाग होती, आईनं हौसेनं घडवून घेतली होती. मी ती आजही घालते. आईअण्णांवर माझा राग नाही, तेव्हा सगळ्या घरांत असंच होतं. पण बारावीचे सगळे पेपर मी पर्यवेक्षकांना वेळ विचारत लिहिले, हे काही मनातून गेलं नाही.

तर लेकीला घड्याळ द्यायचं, हे ती जन्मली तेव्हापासून डोक्यात होतं. घरात पहिली चर्चा झाली ती कधी द्यायचं यावर. नवरा म्हणाला, दहावीला देऊ, आपल्याकडे तशी पद्धतच आहे. मला ते नको होतं. दहावीला दिलं की त्याला टक्के चिकटतात. कमी पडले तर देणार नाही का? आणि दिलंच तर ‘एवढ्या मार्कांनाही दिलं’ असं तिला आयुष्यभर वाटत राहणार. अठरा वर्षं होणं हे कुणाला मिळवावं लागत नाही, ती होतातच. मतदार यादीत नाव जातं, सही स्वतःची चालते. ते बरं. बजेट ठरवलं पंधरा हजार. त्यापुढची वस्तू मी जपत बसले असते, वापरू दिली नसती.

१० मे २०२४, अक्षय्य तृतीया. पुण्यात लक्ष्मी रोडला सोन्याच्या दुकानांपुढे रांगा लागलेल्या, घड्याळांच्या दुकानात मात्र निवांत. काउंटरवरच्या मुलाला मी सरळ सांगितलं, घड्याळ आज घ्यायचंय, पण घालायचंय बारा वर्षांनी. त्यानं विक्रीची घाई केली नाही, खुर्ची दिली आणि एकेक काढून दाखवायला लागला. त्या दीड तासात जेवढं कळलं तेवढं नंतर महिनाभर वाचूनही कळलं नाही.

स्मार्टवॉच पहिल्या पाच मिनिटांतच बाद झालं. आतली बॅटरी न वापरताही म्हातारी होते आणि काही वर्षांनी कंपनी सॉफ्टवेअर देणं थांबवते. मग सेलवर चालणारी घड्याळं. टायटनचं एज हातात घेतलं. जेमतेम साडेतीन मिलीमीटर जाडीचं, हातात घेतल्याचं कळतसुद्धा नाही. मोह झाला. पण सेल दोन-तीन वर्षांत संपतो आणि संपलेला सेल आत राहिला तर पाझरतो, त्याचा क्षार मशीनवर चढतो. ठेवायचं असेल तर सेल काढून ठेवायचा. आणि पुढे सर्किट गेलं तर ते दुरुस्त होत नाही, मशीनच बदलावं लागतं. बारा वर्षांनी त्याच मापाचं मशीन मिळेल का, यावर तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, ते मी कसं सांगू?” उजेडावर चार्ज होणारी सिटीझनची घड्याळंही बघितली. ती रोज हातात असतील तर उत्तमच, पण कपाटाच्या अंधारात वर्षानुवर्षं ठेवली तर आतला साठवणुकीचा सेल पूर्ण उतरतो आणि मग बदलावा लागू शकतो. सेको फाइव्ह ऑटोमॅटिक मनात भरलं होतं. हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसते. पण जे बजेटमध्ये होतं ते मला फार मोठं आणि जाड वाटलं.

मापाचा प्रश्न मी घरी येऊन सोडवला. जाड पुठ्ठ्याचे गोल कापले, २६, ३०, ३५, ३८ आणि ४१ मिलीमीटरचे, आणि दादाची मुलगी पुण्यात हॉस्टेलला असते तिला जेवायला बोलावलं. ती तेव्हा अठराचीच होती. एकेक गोल दोऱ्यानं तिच्या मनगटाला बांधून बघितला. माझ्या मनात लहान, नाजूक असं काहीतरी होतं, जुन्या काळी बायकांना टिकलीएवढं घड्याळ असायचं तसं. तिनं २६ चा गोल बघितला आणि म्हणाली, “आत्या, हे आजीचं वाटतं.” ४१ चा मनगटाच्या बाहेर जात होता. ३५ वर आम्ही दोघी थांबलो. दुकानात जाण्याआधी हे नक्की करून बघा. काचेखालच्या ट्रेमध्ये सगळीच घड्याळं योग्य मापाची वाटतात.

जूनमध्ये मी दादाचं जुनं घड्याळ मागून घेतलं, निदान ते कसं आहे ते तरी बघू म्हणून. बंदच होतं. बुधवार पेठेत एका जिन्याखाली घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक टेबल, एक दिवा, काचेच्या झाकणाखाली उघडून ठेवलेली मशीनं. काका सत्तरीच्या पुढचे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, “तेल वाळलंय. बाकी काही झालेलं नाही. तीस वर्षांनीसुद्धा काही झालेलं नाही, ताई.”

त्यांना मी माझा बेत सांगितला. ते म्हणाले, “कोणतं घड्याळ टिकेल हे विचारू नका. टिकत कुठलंच नाही. उघडून साफ करता येईल असं कुठलं, ते विचारा.” चावीचं घड्याळ साधं असतं. स्प्रिंग गुंडाळली की ती हळूहळू सुटते, तिच्या जोरावर चाकं फिरतात आणि बॅलन्स व्हील पुढेमागे झुलत त्यांना मोजून सोडतं. एचएमटीच्या त्या मशीनचे सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. सेल नाही, सर्किट नाही. आणि ही मशीनं इतकी निघाली आहेत की सुट्या भागांसाठी जुनी घड्याळं अजून मिळतात. तिथे उभ्या उभ्याच माझं ठरलं. चावीचं आणि एचएमटीचंच.

आपल्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरी एचएमटी होतं, पण त्याची गोष्ट मलाही धड माहीत नव्हती. हिंदुस्थान मशीन टूल्स हा यंत्रं बनवणारा सरकारी कारखाना. १९६१ साली जपानच्या सिटीझनच्या सहकार्यानं बंगळूरला त्यांनी मनगटी घड्याळं करायला घेतली. पुढे तुमकूर, श्रीनगर आणि उत्तराखंडातलं राणीबाग इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन, जवान, बायकांसाठी सुजाता अशी एकेक नावं. १९८७ मध्ये टायटन बाजारात आलं आणि सेलच्या घड्याळांपुढे चावीची मागं पडत गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. जनता या मॉडेलच्या काही घड्याळांवर अंक देवनागरीत असायचे आणि ‘जनता’ हे नावही देवनागरीत. त्याचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला दुसरं काही नकोच झालं. ३५ मिलीमीटरचं, पांढरं, आणि १ ते १२ आपल्या अंकांत.

इथून पुढे चुका झाल्या.

जुलैमध्ये एका रविवारी मी जुन्या बाजारात गेले. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. ताडपत्रीवर पसरलेल्या ढिगात मला देवनागरी जनता दिसलं, चकचकीत, टिकटिक करणारं. किंमत अडीच हजार सांगितली, अठराशेला मिळालं. इतका आनंद झाला की रिक्षात बसून मी ते कानाशी धरून होते. दुसऱ्या दिवशी काकांकडे नेलं. त्यांनी काही न बोलता भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “तुम्हीच बघा.”

भिंगातून ते डायल वेगळंच दिसत होतं. अंकांच्या कडा फुटलेल्या, शाई पसरल्यासारखी. मिनिटांच्या रेघा आणि अंक एका रेषेत नव्हते, ५ चा आकडा रेघेच्या डावीकडे सरकलेला. काकांनी मशीन बाहेर काढलं. डायलला मागून दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. या डायलचे पाय तुटलेले होते आणि ते डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेलं होतं. स्क्रूंच्या खाचा झिजून गुळगुळीत झालेल्या. मशीन दोन-तीन घड्याळांचे भाग एकत्र करून जुळवलेलं. “रिडायल आहे,” काका म्हणाले. जुनं डायल खरवडून त्यावर नवा रंग आणि नवी छपाई. चालत होतं, पण किती दिवस चालेल ते सांगता येत नव्हतं. अठराशे गेले. काकांनी ते सुट्या भागांसाठी चारशेला घेतो म्हटलं, पण मी ठेवून घेतलं. खरं-खोटं शेजारी ठेवून बघायला पुढे त्याचाच उपयोग झाला.

देवनागरी जनताची मागणी असल्यामुळे त्याची नक्कल खूप होते. काकांनी मला जे शिकवलं ते असं. डायल उन्हात तिरकं धरून बघायचं, जुन्या छपाईला वयाचा एकसारखा पिवळसरपणा असतो, नव्या रंगाला तो नसतो. जुनं डायल आणि कोरे करकरीत काटे, किंवा उलट, अशी जोडी असेल तर शंका घ्यायची. भडक निळी, पोपटी, नारिंगी डायलं बहुतेक नंतर रंगवलेली. चावी दोन बोटांनी फिरवून बघायची, खरखर लागता कामा नये. बाहेर खेचून काटे फिरवायचे, अडकायला नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचं झाकण उघडून दाखवायला विकणारा तयार नसेल तर तिथून निघायचं.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन प्रयत्न केला. फोटो चांगले होते, किंमत ५,२०० रुपये, ‘सर्व्हिस केलेलं’ असं लिहिलेलं. पार्सल आलं, चावी पंधरा वेळा फिरवली आणि ती फिरतच राहिली. स्प्रिंग तुटलेली. परत करायला सात दिवसांची मुदत होती. पार्सल उघडताना नवऱ्यानं मोबाइलवर चित्रण केलं होतं म्हणून निभावलं, कारण विक्रेत्याचं म्हणणं होतं की जास्त चावी देऊन आम्हीच तोडलं. तीन वेळा तक्रार नोंदवली, प्रत्येक वेळी नवा क्रमांक. कुरिअरवाला न्यायला आला तो पाचव्या दिवशी, पैसे खात्यात आले एकोणिसाव्या दिवशी. पार्सल फोडण्याआधी चित्रण सुरू करा, वरचा पत्त्याचा कागद त्यात दिसू द्या आणि खोकं फेकू नका. मला तेव्हा फार खचल्यासारखं झालं होतं. लेकीसाठी घेतोय आणि दर वेळी फसतोय, हे मनाला लागतं.

त्याच सुमारास, सप्टेंबर २०२४ मध्ये, बँकेत लॉकरसाठी अर्ज केला. घड्याळ मिळालं तर ठेवायचं कुठे, हा विचार तेव्हा होता. आमच्या शाखेत लॉकर रिकामा नव्हता. काउंटरवर सांगितलं, “फोन करू.” पण रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अर्जाची पोच आणि प्रतीक्षा यादीतला क्रमांक द्यावा लागतो. ते मला माहीत होतं म्हणून मागितलं, आणि मिळालं. माझा क्रमांक चौदावा. हा कागद हातात असला की दर महिन्याला जाऊन नेमकं विचारता येतं. लॉकरचं पुढे काय झालं ते सांगतेच.

दिवाळीनंतर दादाचा फोन आला. त्याच्या ओळखीत कराडजवळच्या एका गावात निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे जनता आहे, देवनागरी, एकहाती वापरलेलं. मुलं विचारत नाहीत, तेही हल्ली घालत नाहीत. १७ नोव्हेंबरला स्वारगेटहून एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात झाला. पर्समध्ये जुन्या बाजारातलं खोटं घड्याळ आणि काकांनी उसनं दिलेलं भिंग.

सरांनी आधी चहा पाजला. मग देवघराशेजारच्या कपाटातून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ आणलं. सोबत हमीपत्र, त्यावर दुकानाचा शिक्का आणि हातानं लिहिलेलं साल, १९८४. डायलचा पांढरा रंग सायीसारखा झालेला, काचेवर ओरखडेच ओरखडे. मी अंगणात जाऊन उन्हात तिरकं धरलं. भिंगातून बघितलं. प्रत्येक रेघ आपल्या अंकासमोर, अंकांच्या कडा धारदार. शेजारी खोटं ठेवलं आणि फरक इतका उघड होता की मला सांगायला कोणी लागलं नाही. चावी दिली, दहा मिनिटं चाललं आणि थांबलं. सर म्हणाले, “शाळेत घंटा याच्यावर व्हायची.” त्यांनी ते सव्वीस वर्षं रोज घातलं होतं.

पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मुलीसाठी नेताय ना, मग न्या, म्हणाले. मला ते पटेना. फुकट आणलेल्या वस्तूची गोष्ट मी लेकीला कशी सांगणार होते? शेवटी चार हजारांवर तयार झाले. त्यांनीच साध्या कागदावर पावती लिहून दिली, घड्याळाचं वर्णन, मागच्या झाकणावरचा क्रमांक, रक्कम, तारीख, सही. पावती पाच हजारांच्या वरची असती तर त्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं लागलं असतं, ही माहितीही त्यांचीच. जुनी वस्तू घेताना असा कागद जरूर करून घ्या. उद्या कोणी विचारलं तर वस्तू कुठून आली ते सांगता येतं.

काकांनी घड्याळ हातात घेतलं ते २३ नोव्हेंबरला. झाकण उघडलं आणि पहिल्यांदा मशीनकडे न बघता झाकणाची आतली बाजू दिव्याखाली धरली. “हे बघा.” पोलादावर सुईनं ओढल्यासारखे बारीक ओरखडे होते. नीट बघितल्यावर आकडे दिसले. ८९. त्याखाली, वेगळ्या हातचे, ९७. घड्याळ उघडून साफ करणारा कारागीर आतल्या बाजूला अशी खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळतं. कराडला नाहीतर साताऱ्याला कोणीतरी दोघांनी हे घड्याळ उघडलं होतं आणि आपापलं साल लिहून बंद केलं होतं. सरांनाही ते माहीत नसणार. मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण मी बराच वेळ ते झाकण हातात धरून होते.

मशीन एकाच घड्याळाचं होतं, जुळवलेलं नव्हतं. स्क्रूंच्या खाचा शाबूत, माणकं, म्हणजे चाकांचे आस ज्यांत फिरतात ते बारीक खडे, स्वच्छ लालसर, डायलचे दोन्ही पाय जागेवर. मुख्य स्प्रिंग दमलेली, ती बदलायची. काच ॲक्रिलिकची, नवी बसवायची. डायल साफ करू का म्हणून विचारलं तर काका म्हणाले, “त्याला हात लावायचा नाही. साय आली असली तर असू दे.” त्यांचा सल्ला ऐकला. सर्व्हिसिंग, स्प्रिंग आणि काच मिळून १,४५० रुपये. स्प्रिंग मिळायला तीन आठवडे गेले, मग काका गावाला गेले. घड्याळ माझ्या हातात आलं १८ जानेवारी २०२५ ला. झाकण बंद करण्याआधी त्यांनी सुई घेतली आणि ९७ च्या खाली २५ लिहिलं. बाहेरून नाव कोरून घ्यायचा माझा विचार होता, एका दुकानात ३५० रुपये सांगितलेही होते. तो विचार मी तिथेच सोडला.

त्यानंतरचे बारा दिवस वही घेऊन बसले. रोज रात्री नऊला चावी द्यायची, मोबाइलच्या वेळेशी ताडायचं आणि किती सेकंद पुढे-मागे ते लिहायचं. पहिल्या चार दिवसांत दिवसाला पन्नासच्या आसपास सेकंद पुढे जात होतं. परत नेलं, काकांनी तिथल्या तिथे मशीनमधली वेग कमी-जास्त करणारी पट्टी किंचित सरकवली. मग अठरा-वीस सेकंदांवर आलं. या वयाच्या चावीच्या घड्याळाला हे छान आहे. सर्व्हिसिंगनंतर ही नोंद ठेवाच, कारण ‘पुढे जातंय’ एवढं सांगून कारागिराला काही कळत नाही, आकडा सांगितला की कळतं.

लॉकरचा फोन याच काळात आला. वार्षिक भाडं दोन हजार आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २,३६०. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. शिवाय दहा हजारांची मुदत ठेव मागितली. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आलीच तर लॉकर फोडण्याचा खर्च एवढ्यापुरती ठेव बँक नव्या ग्राहकाकडून मागू शकते, त्यामुळे मी वाद घातला नाही. नामनिर्देशनाचा फॉर्म एसएल-१ भरला. त्यावर नॉमिनीचा फोटो लावणं आपल्या मर्जीवर असतं, मी लावला. करार वाचूनच सही करा. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली फसवणूक, यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट रकमेपर्यंत असते. भूकंप-पुरासारख्या आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, नसते. लॉकर उघडला की त्याचा मेसेज मोबाइलवर यायला हवा, पहिल्याच दिवशी तो येतो का ते बघून घ्या.

हे सगळं करून ३१ जानेवारीला मी काकांना उत्साहानं सांगायला गेले की लॉकर मिळाला, आता बारा वर्षं काळजी नाही. काकांनी हातातलं काम खाली ठेवलं.

“ताई, बंद करून ठेवायचं होतं तर चालू कशाला करून घेतलंत?”

मी म्हटलं, खराब होऊ नये म्हणून. ते म्हणाले, “घातल्यानं जेवढं खराब होतं त्याच्यापेक्षा जास्त विसरल्यानं होतं. लॉकरमध्ये ठेवाल, दोन वर्षं उघडणार नाही, पावसाळ्यात दमट हवा आत जाईल, एक दिवस गंज दिसेल आणि तोवर मी नसेन.” घड्याळ हातात घातलं तरी आतलं तेल वाळतं, न घातलं तरी वाळतं, दर चार-पाच वर्षांनी ते बदलावंच लागतं. पण घालणाऱ्याला बिघाड लगेच कळतो. निदान पंधरवड्यातून एकदा चावी द्या, आणि खरं विचाराल तर आठवड्यातून एक दिवस हातात घाला, म्हणाले.

“मी घालू? ते लेकीचं आहे.”

“मग तिच्यासाठी घाला.”

त्या रात्री आम्ही नवरा-बायको बराच वेळ बोललो. मला वाटत होतं की तिला कोरं, कोणी न घातलेलं द्यावं. नवरा म्हणाला, ते कोरं आहेच कुठे? सरांनी सव्वीस वर्षं घातलंय. त्यावर मला काही बोलता आलं नाही.

लॉकरमध्ये आता आईनं केलेली कानातली आहेत, फक्त सणाला काढते. सरांची पावती आणि १९८४ चं हमीपत्रही तिथेच. घड्याळ घरी आहे. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डबीत, मऊ सुती कापडात, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. त्या जूनच्या सुरुवातीला बदलायच्या. डबी मोबाइलपासून, स्पीकरपासून लांब ठेवते, कारण चुंबकानं घड्याळ पळायला लागतं. चामड्याचा पट्टा ६५० रुपयांचा घेतला, पट्ट्याची जागा १८ मिलीमीटर असल्यामुळे कुठेही मिळतो. पावसाळ्यात तो काढून नायलॉनचा लावते, चामड्याला बुरशी येते. भांडी घासताना, अंघोळीला घड्याळ हातात नको, जुन्या एचएमटीत पाणी सहज जातं. रोज घालायचं असेल तर चावी साधारण एकाच वेळी द्यायची, बोटांना अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, त्यापुढे एक फेराही नाही.

एकूण खर्च असा. जुन्या बाजारातले १,८००, घड्याळ ४,०००, दुरुस्ती १,४५०, पट्टा ६५०, डबी आणि पुड्या २८०. सगळे मिळून ८,१८०, एसटी, रिक्षा आणि लॉकर सोडून. पंधरातले जे उरले ते वेगळ्या खात्यात टाकलेत, २०२९ आणि २०३३ ची सर्व्हिसिंग आणि शेवटची २०३६ च्या वसंतात, यासाठी. काका तेव्हा नसले तर काय, हा प्रश्न मी त्यांनाच विचारला. त्यांच्याकडे एक तरुण मुलगा शनिवारी शिकायला येतो. त्यालाच पुढच्या खेपेला आत साल लिहायला लावायचं, असं त्यांनी ठरवलंय. झाकणात २५ च्या खाली अजून चार-पाच सालं मावतील एवढी जागा आहे, मी बघितली.

रविवारी मी घड्याळ घालते. सकाळी चहा झाला की चावी देते आणि लेक शेजारी बसून फेरे मोजते. घड्याळ कोणाचं आहे ते तिला सांगितलेलं नाही. इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे सुरुवातीला तिला ५ आणि ६ ओळखायचे नाहीत, ९ बघून तर ती मानच तिरकी करायची. आता न अडखळता वाचते. मागच्या रविवारी बावीस फेऱ्यांवर तिनं माझं बोट धरलं आणि म्हणाली, “बास, अडलं ना आता?” खरंच अडलं होतं.